निळ्या डब्यातलं पीठ

रविवार, ३० ऑक्टोबर १९८३. पहाटे बोचरी थंडी. चामरलेण्याच्या डोंगरावर धुकं, आठच्या सुमारास विरलं. नंतर दिवसभर स्वच्छ ऊन. वारा नाही.

एवढी नोंद वाचून तुम्हाला वाटेल, काय सुंदर दिवस असेल! होताच. माझी त्या दिवशी जी शोभा झाली, ती स्वच्छ उन्हात, वारा नसताना, सगळ्या कॉलनीच्या साक्षीनं झाली. घ्या, चहा घ्या. बिस्किटंही आहेत. पाव मात्र मागू नका. का, तेच तर सांगतोय.

आम्ही तेव्हा नुकतेच लिबियातून परत आलो होतो. चार वर्षं मी तिथं रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीचं गोदाम सांभाळत होतो. वाळवंटाच्या कडेला पत्र्याच्या घरांची वसाहत, आणि जवळचं गाव चाळीस किलोमीटर लांब. गावातून पावाची गाडी आठवड्यातून दोनदा यायची. तो पाव आमच्या दारात पोचेपर्यंत असा वाळलेला असायचा की माझी बायको सुमन म्हणायची, "अहो, हा कापायला तुमच्या गोदामातली करवत आणा."

मग मी पाव करायला शिकलो. वसाहतीतल्या इजिप्शियन आचाऱ्यानं एका शुक्रवारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन शिकवलं. त्याला मराठी येत नव्हतं, मला अरबी येत नव्हतं. तो मळत होता, मी लिहीत होतो. मला लिहायची सवय फार. कोणी शिकवली नाही, आपली आपणच लागली. गोदामात खिळ्यांची नोंद ठेवता ठेवता घरातली ठेवायला लागलो. कधी ऊन पडलं, कधी पाणी आलं, कोण किती वाजता शिंकलं. हसू नका, शिंकांचीही नोंद आहे!

तर पावाची नोंद अशी होती. निळ्या डब्यातलं पीठ चार वाट्या, सपाट. मीठ एक चमचा, साखर दोन. तेल दोन पळ्या. पाणी कोमट, करंगळी बुडवून सावकाश दहा आकडे म्हणता यावेत इतपत. बारा मिनिटं मळणे. ओल्या फडक्यानं झाकणे. दीड तासात दुप्पट.

आणि व्हायचंही दुप्पट! काय सांगू तुम्हाला ते शुक्रवार. सुट्टीची दुपार. सगळी वसाहत झोपलेली. खिडकीच्या फटीतून बारीक रेती येऊन ओट्यावर बसायची, अगदी पिठीसाखरेसारखी. मी परातीशेजारी स्टुलावर बसलेला. फडकं हळूहळू वर यायचं. झोपलेल्या बाळाचं पोट कसं वर येतं, तसं. त्याच्याकडे बघता बघता माझेही डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांपुढे हटकून नाशिक यायचं. रामकुंडावरची सकाळ, पेठ रोडवरून जाणाऱ्या बैलगाड्या, आमच्या घराच्या पायरीवर पेपर वाचत बसलेले अप्पा. मग पाव भाजल्याचा वास सुटला की वाटायचं, हा वास आत्ता अप्पांपर्यंत पोचत असणार.

अप्पा म्हणजे माझे वडील. छापखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी दर आठवड्याला पत्र लिहायचो आणि पत्रात पाव असायचाच. ते पत्र अप्पा वाचनालयाच्या ओट्यावर आपल्या तीन मित्रांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्या तिघांत एक सोनवणे गुरुजी. जन्मभर मुलांचे कान पिळलेले. निवृत्तीनंतर कान मिळेनात म्हणून मित्रांना पिळायचे.

एकदा गुरुजी म्हणाले, "अप्पासाहेब, पोरगं परदेशात साहेब झालं का आचारी? चार पानांच्या पत्रात तीन पानं पीठ!"

अप्पांना ते फार लागलं. म्हणाले, "येऊ द्या त्याला. त्याच्या हातचा पाव तुम्हाला खाऊ घालतो. असा मऊ, की तुमच्या कवळीलासुद्धा पत्ता लागणार नाही काही चावल्याचा!"

हा शब्द अप्पांनी दोन वर्षं सांभाळून ठेवला होता. आम्ही घरात पाऊल टाकून तीन दिवस झाले नाहीत तोच म्हणाले, "वसंता, दिवाळीआधीच्या रविवारी पाच वाजता तिघांना बोलावलंय. पाव पाहिजे."

"होईल की."

"तस्साच ना? पत्रातल्यासारखा?"

"अप्पा, डायरी आहे!"

अप्पांनी मान डोलावली. माझे वडील माझ्यावर फारसे कधी खूश झालेले मला आठवत नाहीत. मॅट्रिकला नापास झालो तेव्हा आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. नोंद आहे, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटं.

नेमकी त्याच आठवड्यात सुमन आईला भेटायला कळवणला निघाली. परतणार रविवारी संध्याकाळी. पिशवी भरता भरता म्हणाली, "अहो, पावाचं सगळं एकदा सांगून जाऊ का?"

"तू सांगणार? मला? चार वर्षं पाव कोण करत होतं?"

"तुम्हीच," ती हसून म्हणाली आणि एसटीत बसली.

आता अडचण एकच होती. निळा डबा लिबियातच राहिला होता. आमचं सामान आधीच जास्त भरलं म्हणून तो शेजारणीला देऊन टाकलेला. तुम्ही म्हणाल, डब्याचं काय एवढं? मीही क्षणभर तेच म्हणालो. पण नोंदीत 'निळा डबा' असेल तर निळा डबाच पाहिजे. काय सांगावं, त्या पत्र्यात काही गुण असेल! कमी-जास्त झालं तर अप्पांचा शब्द जायचा.

तीन संध्याकाळी मी भांडी बाजार पालथा घातला. एक डबा आकाशी निघाला, एक जांभळट. शेवटी एका दुकानदारानं माळ्यावरून एक काढून दिला. त्यानं विचारलं, "काय भरायचंय?"

"मैदा."

"मग हा लाल घ्या ना, झाकण चांगलंय. मैद्याला काय कळतंय रंगातलं?"

मी नुसता हसलो. बिचाऱ्याला पावातलं काय ठाऊक?

रविवारी पहाटे पाचला उठलो. डब्यात मैदा भरला, डब्यातून मैदा काढला. तिप्पट प्रमाण घेतलं; पाव नऊ करायचे होते. करंगळी बुडवून दहा म्हणालो. घड्याळ लावून मळलं. झाकलं. पाच वाजून पन्नास मिनिटं.

सव्वासातला फडकं जिथल्या तिथं.

"थंडी आहे," मी म्हणालो.

"आहेच," अप्पा म्हणाले, आणि आत जाऊन स्वतःची गोधडी घेऊन आले. परात आम्ही गोधडीत गुंडाळली. नऊला उघडून पाहिलं. पीठ तसंच, वाटीतल्या लोण्यासारखं शांत. मग गोधडीसकट परात गच्चीवर उन्हात नेली. अप्पांनी कावळे येऊ नयेत म्हणून खुर्ची टाकून काठी घेतली.

शेजारच्या गच्चीवर लीलावहिनी पोह्यांना ऊन देत होत्या. गोधडी पाहून कठड्याशी आल्या. "काय हो भाऊ, कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. पाव आहे."

"अगंबाई! मग उन्हात का झोपवलाय?"

"उठत नाहीये," अप्पांनी काळजीच्या सुरात सांगितलं.

लीलावहिनींचा जीव कळवळला. पाच मिनिटांत त्या गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. ती गोधडीत सारली. मग कॉलनीतून कोणी विचारायला आलं, कोणी नुसतं बघायला. जो येई तो हळू आवाजात बोले. एका आजोबांनी तर जिन्यातच चपला काढल्या.

अकरा वाजून दहा मिनिटं, फरक नाही. साडेबारा, फरक नाही.

तुम्हाला वाटेल, मी घाबरलो असेन. छे! धीर हा तर माझा एकुलता एक गुण. गच्चीवर कोवळं ऊन, समोर डोंगर निळसर झालेला, खाली कोणाच्या तरी घरी चकलीचं तेल तापत होतं. मी भिंतीला टेकून बसलो आणि डोळे मिटले. पिठाला चार वर्षांची परदेशाची सवय, इथं जरा बुजलं असेल. उठेल सावकाश. आणि उठलं की काय काय होईल! सोनवणे गुरुजी पहिला घास घेतील आणि गप्प होतील. बातमी वाचनालयात, वाचनालयातून गावात. पेठ नाक्यावर मी लहानसं दुकान घेतलंय. पाटी साधीच, निळ्या रंगाची. सकाळी पिंपळगावहून द्राक्षांचे टेम्पो येताहेत आणि जाताना पाव घेऊन जाताहेत. त्र्यंबकेश्वरला निघालेले भाविक एसटी थांबवायला लावताहेत. गल्ल्यावर अप्पा बसलेत, स्वच्छ टोपी घालून. कोणी विचारलं तर सांगताहेत, "माझा मुलगा. परदेशात शिकून आला."

"वसंता," अप्पांनी काठीनं मला ढोसलं. "दोन वाजले. भट्टी कधी गाठायची?"

परातीत पाहिलं. फरक नाही. पण भट्टीची उष्णता वेगळी, तिथं उठेल, असं मी अप्पांना सांगितलं. खरं म्हणजे स्वतःलाच सांगितलं.

आमच्याकडे ओव्हन कुठला? भाजायचं म्हणजे गफूरचाचांची बेकरी. तुम्हाला माहीतच आहे, दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन सगळं गाव बेकरीत जातं आणि नानकटाई भाजून आणतं. त्या रविवारी तर रांग रस्त्यावर आली होती. पंधरा-वीस बायका, प्रत्येकीच्या हातात डबे. लीलावहिनी पुढेच होत्या. त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "तो बघा, लिबियाचा पाव येतोय." रांगेनं मला वाट करून दिली. मी परात घेऊन मधून गेलो. अहो, नवरदेवाला काय वाट मिळत असेल!

गफूरचाचा म्हणजे पांढरी दाढी, पिठानं आणखी पांढरी झालेली. त्यांनी फडकं बाजूला केलं आणि पिठात बोट खुपसलं. बोट काढलं. भोक तसंच राहिलं. चाचा बराच वेळ त्या भोकाकडे बघत होते.

"साहेब, हे उठलं नाय."

"उठेल. भट्टीत उठेल."

"खमीर किती डालं होतं?"

मी हसलो. इथं तुम्ही मला थांबवायला हवं होतं, पण तुम्ही नव्हतात.

"खमीर? चाचा, आमच्याकडे तिकडं खमीर-बिमीर काही लागत नव्हतं."

रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मग फुगायचा कशानं?"

"धीरानं," मी म्हणालो. आणि खिशातून डायरी काढून मोठ्यानं वाचून दाखवली. पहिल्या सपाट वाटीपासून दीड तासात दुप्पटपर्यंत. करंगळीचं आलं तेव्हा दोघी-तिघींनी आपापली करंगळी पाहिली.

चाचा नम्रपणे म्हणाले, "चाळीस वर्सं भट्टीपुढं बसलोय साहेब. धीरानं पाव फुगतो हे कोणी सांगितलं नाय."

"परदेशातली पद्धत असते एकेक," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"लिंबाएवढं आमचं खमीर डालू का? अजून टाइम हाय. तासाभरात उठंल."

"नको चाचा. मूळ पद्धत बिघडेल."

चाचांनी वाद घातला नाही. दोन्ही हातांनी परात उचलली. एवढ्यात लीलावहिनी पुढे सरसावल्या. "चाचा, मग माझ्या नानकटाईतही सोडा घालू नका! भाऊ म्हणतात ते खरं. उगाच पोटात सोडा कशाला?"

"माझ्यातही नको," मागून आणखी एक आवाज आला.

मला वाटतं, त्या क्षणी मी नाशिकमधला सगळ्यात सुखी माणूस होतो. बाकावर बसलो. भट्टीची ऊब पाठीला लागत होती. तूप, वेलदोडा, भाजका रवा यांचा वास असा दाट, की त्यावर डोकं टेकून झोपावं. मी पुन्हा पेठ नाक्यावरच्या दुकानात गेलो. पाटीवर आता चाचांचंही नाव होतं. त्यांना मी भागीदारीत घेतलं होतं.

टण्ण!

डोळे उघडले. चाचांनी पहिला पाव फळीवर ठेवला होता. ठेवला होता, टाकला नव्हता. मग दुसरा. टण्ण! एकेक करत नऊ. आकारानं भाकरीहून जाड, रंगानं विटेहून जरा उजळ. रांगेतलं कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्या जणी, माणूस गेल्यावर असतात तशा, खाली बघत उभ्या होत्या. लीलावहिनींनी आपले दोन डबे छातीशी धरले होते; सोड्याशिवायची नानकटाई आत गेलेलीच होती.

चाचांनी नऊ पाव फडक्यात बांधून दिले. एवढंच म्हणाले, "सांभाळून, साहेब. जड हाय."

घरी आलो तर पाचला दहा कमी. तिघे मित्र येऊन बसले होते. मध्ये अप्पा, इस्त्रीचा सदरा घातलेले. मी फडकं सोडलं. अप्पांनी पावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी पाहिलं होतं तसं.

सोनवणे गुरुजींनी एक पाव उचलला, बोटानं वाजवला, कानाशी नेला. "अप्पासाहेब," ते म्हणाले, "माझ्या कवळीला पत्ता लागणार नाही म्हणालात. खरंय. मी ती काढूनच ठेवतो."

बाकीचे दोघे खोकले. अप्पा उठले. मला वाटलं, आत निघून जातील. पण त्यांनी पाव घेतला, ओसरीच्या पायरीवर आपटून त्याचे दोन तुकडे केले, एक तुकडा चहाच्या कपात उभा केला आणि बसले. चहा संपला तरी तुकडा तसाच. दुसरा कप मागवला.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि कळवणची पिशवी घेऊन सुमन आत आली. तिनं पाहुणे पाहिले, पाव पाहिले, चहात उभे असलेले अप्पांचे प्रयत्न पाहिले.

"हे काय झालं? पीठ कुठलं घेतलंत?"

"निळ्या डब्यातलं."

"कुठला निळा डबा? तो तर तिकडे दिला."

"नवीन आणला. अगदी तोच निळा." मी डबा आणून दाखवला.

सुमननं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, पण त्या डब्यातल्या पिठात मी दर गुरुवारी खमिराची पावडर मिसळून ठेवायची ना!"

"तू?"

"मग कोण? त्या आचाऱ्यानं पहिल्याच दिवशी पाकीट माझ्या हातात दिलं. मळायच्या आधीच पिठात मिसळून दाखवलं. तुम्ही तिथंच होतात, पेन्सिलीला टोक करत होतात."

"मला चार वर्षांत कधी सांगितलं नाहीस!"

"सांगायचं काय त्यात? तुम्ही घरातली शिंकसुद्धा लिहिता, मला वाटलं हेही लिहिलंच असेल! नाहीतर तुम्हाला काय वाटत होतं, पाव डब्याच्या रंगानं फुगतो?"

पहिलं हसू फुटलं ते अप्पांचं. चहात बुडवलेला तुकडा हातात, डोळ्यांत पाणी, आणि माणूस हसतोय. मॅट्रिकला नापास झालो तेव्हाही असे हसले असते तर बरं झालं असतं. मग गुरुजी, मग बाकीचे दोघे, आणि शेजारच्या ओसरीवरून लीलावहिनी. पण त्यांचं हसू जरा वेळानं आलं. त्या आधी नानकटाई चावून पाहत होत्या.

त्या दिवसाची उरलेली नोंद जशी आहे तशी देतो.

पाव एकूण नऊ. अप्पांनी अर्धा खाल्ला. चहाचे तीन कप आणि पंचवीस मिनिटं लागली. तिन्ही मित्रांनी एकेक घरी नेला. एक गच्चीच्या दाराला अडकण म्हणून लावला. उरलेले साडेचार शेजारच्या गोठ्यातल्या गाईपुढे ठेवले. तिनं हुंगून सोडले. लीलावहिनींची नानकटाई दोन डबे, पसरली नाही. सोमवारी सकाळी सुमननं गफूरचाचांकडून लिंबाएवढं खमीर आणलं आणि तीच परात, तोच मैदा घेऊन पीठ मळलं. सव्वा तासात दुप्पट झालं. संध्याकाळी पाच वाजता सोनवणे गुरुजींनी दोन पाव खाल्ले, कवळी न काढता. मैदा या वेळी तिनं पिवळ्या डब्यात काढला होता.